आमच्या घरातले यूनान : मुलांना ग्रीक संस्कृती शिकवताना

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या थोरल्या मुलीला शाळेतून प्रकल्प मिळाला. वर्गातल्या प्रत्येक गटाला एकेक प्राचीन संस्कृती वाटून दिली होती. कुणाला सिंधू, कुणाला इजिप्त, कुणाला चीन. हिच्या वाट्याला ग्रीस आले. वाचनालयातून तिने एक जाड सचित्र पुस्तक आणले आणि ती ते चाळत बसली. शेजारी दादी तांदूळ निवडत होत्या. मुखपृष्ठावर हातात वीज धरलेल्या झ्यूसचे चित्र होते.

"हा कोण गं?" दादींनी विचारले.

"दादी, हा ग्रीक लोकांचा देव. आकाशाचा."

दादींनी सूप खाली ठेवले. "आपल्या पोरीनं हे असलं कशाला वाचायचं? बाईंना सांग, दुसरा विषय द्या म्हणावं."

मुलगी हिरमुसली. धाकट्याला मात्र आतल्या पानावरचा लाकडी घोडा दिसला होता, तो पुस्तक सोडेना. रात्री मुले झोपल्यावर आम्हा दोघांत यावरच बोलणे झाले. खरे सांगायचे तर आमचेही एकमत नव्हते. कोवळ्या वयात देवदेवतांच्या अद्भुत गोष्टी डोक्यात भरल्या तर आपण शिकवलेल्या तौहीदचे काय, ही एक काळजी. दुसरी काळजी अशी की पुस्तक आज आपण मिटले तरी उद्या ती ते दुसरीकडे उघडेलच. आणि काही प्रश्न घरात विचारायचेच नसतात, एवढे मात्र ती कायमचे शिकेल. शेवटी ठरले, पुस्तक परत करायचे नाही. सुट्टीभर तिच्याबरोबर बसून आपणही वाचायचे. त्या महिन्याभरात जे जमले, जे फसले, ते इतर आईबापांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

सुरुवात घरातूनच

पहिल्या दिवशी आम्ही पुस्तक उघडलेच नाही. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी खव्याची, तुपाने माखलेली अफलातून मिठाई आणली होती. ती वाटता वाटता मुलांना विचारले, "अफलातून म्हणजे काय?"

"भन्नाट!" धाकटा म्हणाला.

बरोबरच. मराठीत हा शब्द आपण याच अर्थाने वापरतो. पण मुळात हे एका माणसाचे नाव आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्समध्ये प्लेटो नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. अरबांनी त्याला अफलातून म्हटले. त्याची हुशारी इतकी प्रसिद्ध झाली की त्याचे नाव फारसी-उर्दूतून फिरत मराठीत आले आणि विशेषण होऊन बसले. त्याचा गुरू सॉक्रेटिस म्हणजे आपला सुकरात, शिष्य ॲरिस्टॉटल म्हणजे अरस्तू, आणि त्या अरस्तूचा शिष्य अलेक्झांडर म्हणजे सिकंदर.

मग शब्द शोधण्याचा खेळच सुरू झाला. दादींना खोकला झाला की त्या "बलगम झालाय" म्हणतात. हा शब्द ग्रीक 'फ्लेग्मा'वरून अरबीत आला. कलम हा शब्द ग्रीक 'कालामोस'शी जोडला जातो, त्याचा अर्थ बोरू. कानून 'कानोन'वरून, म्हणजे सरळ काठी, मोजपट्टी. दिरहम 'द्राख्मे' या नाण्यावरून. फानूस 'फानोस'वरून. अरबीतून न येता थेट संस्कृतात शिरलेले शब्दही आहेत. भूमितीच्या तासाला वर्तुळाचा 'केंद्र' म्हणतो तो ग्रीक 'केन्त्रोन', आणि किल्ल्याखाली लावायचा 'सुरुंग' हा 'सिरिंक्स', म्हणजे नळी, या शब्दापासून आल्याचे मानले जाते.

धाकटा मकतबमध्ये अलिफ-बे गिरवतो. त्याला ग्रीक अक्षरे दाखवली, अल्फा, बीटा. तो लगेच म्हणाला, "हे तर आमचंच आहे!" तसे ते ग्रीकांचेही मूळचे नव्हते. फिनिशियन व्यापाऱ्यांकडून त्यांनी अक्षरे उचलली. त्या अक्षरांची नावे आलेफ आणि बेत. आपले अलिफ आणि बे त्याच कुळातले. ग्रीकांनी त्यात स्वरांसाठी वेगळी चिन्हे नेमली आणि पुढे तीच लिपी बदलत बदलत युरोपभर गेली.

इथेच आम्हाला पुढच्या शिकवणीचा धागा सापडला. ग्रीकांनी घेतले, त्यात भर घातली आणि पुढे दिले. त्यांच्याकडून इतरांनी घेतले, त्यांनीही भर घातली. इल्म ही अमानत आहे, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी. मुलांना ग्रीस शिकवायचे ते या दृष्टीने, असे आम्ही ठरवले.

'यवन' कोण होते?

शब्दांच्या याच खेळात मुलीने एक शब्द आणला, जो ऐकून आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. "अब्बू, ऐतिहासिक गोष्टींत यवन असतात. ते म्हणजे आपण ना?"

शब्द ती कुठून शिकली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. तो आपल्या आजूबाजूला आहेच. आम्ही नकाशा काढला. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रीकांची 'आयोनिया' नावाची वस्ती होती. पूर्वेच्या लोकांची पहिली गाठ याच ग्रीकांशी पडली. म्हणून इराणी लोकांनी सगळ्याच ग्रीकांना 'यौन' म्हटले, अरबांनी 'यूनान', पालीत 'योन' झाले आणि संस्कृतात 'यवन'. म्हणजे हकीमसाहेबांच्या दवाखान्यावरच्या पाटीवरचा 'यूनानी' आणि गोष्टीतला 'यवन' हे एकाच शब्दाचे दोन चेहरे. पुढे परदेशातून आलेल्या कुणालाही तो लावला जाऊ लागला आणि मध्ययुगात मुसलमानांना चिकटला.

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात आम्ही मागे एकदा जाऊन आलो होतो. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत. खांबासाठी दान देणाऱ्यांची नावे त्यांत आहेत आणि धेनुकाकट गावच्या कित्येक दात्यांनी स्वतःला यवन म्हणवले आहे. जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांतही असे दाते सापडतात. दूर देशाशी नाते सांगणारी ही माणसे सह्याद्रीच्या कुशीत राहिली आणि इथल्या भिक्खूंच्या लेण्याला खांब देऊन गेली.

मुलीला एवढेच सांगितले, की शब्द कुणी शिवीसारखा वापरला तर त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा. ठाऊक असला की तो तेवढा बोचत नाही.

देवदेवतांच्या कथांचे काय?

आता दादींच्या आक्षेपाकडे वळू. तो आम्ही हसण्यावारी नेला नाही, कारण तो खराच आहे. ग्रीकांचे अनेक देव होते. त्यांच्या कथांत ते भांडतात, मत्सर करतात, फसवतात. मुलीला आम्ही सरळ सांगितले की ही त्या लोकांची श्रद्धा होती, आपली नाही. एखाद्या समाजाने काय मानले हे जाणून घेणे वेगळे आणि ते मानणे वेगळे. त्याचबरोबर, दुसऱ्यांच्या पूज्य गोष्टींची टवाळी करायची नाही, हीही आपल्याच घरची शिकवण आहे. तेवढे सांगून झाल्यावर ट्रॉयच्या लाकडी घोड्याची गोष्ट धाकट्याला सांगायला काहीच अडचण आली नाही.

खरी गाठ सुटली ती दुसऱ्याच गोष्टीने. एका रात्री दादी धाकट्याला झोपवताना सिंह आणि उंदराची गोष्ट सांगत होत्या. जाळ्यात अडकलेल्या सिंहाला उंदराने सोडवले, ती. गोष्ट संपल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "दादी, ही ग्रीकांचीच गोष्ट आहे."

"काहीतरीच! ही माझ्या आईनं मला सांगितलेली."

दोघींचेही खरे होते. ही गोष्ट इसापाची, आणि इसाप ग्रीक परंपरेतला. आपण मराठीत 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' म्हणतो, तेही त्याचेच. इसापाच्या कथा मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच छापल्या गेल्या आणि इतक्या आपल्याशा झाल्या की परक्या वाटतच नाहीत. अरबीत लुकमान हकीमांच्या नावाने जो कथासंग्रह आहे, त्यातल्या पुष्कळ कथा इसापाच्या कथांशी जुळतात. इसाप गुलाम होता असे ग्रीक सांगत. हजरत लुकमानांविषयीही ते गुलाम होते अशी रिवायत आहे. पवित्र कुरआनातल्या त्यांच्या नावाच्या सूरहमध्ये बापाने मुलाला केलेला उपदेश आहे. ज्याला स्वतःचे म्हणून काहीच नव्हते अशा माणसाच्या तोंडी दोन्हीकडच्या लोकांनी शहाणपण ठेवले, हे मुलांना सांगताना आमचाच आवाज जड झाला.

दादी दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ते पुस्तक जरा इकडे दे. त्यात उंदराची गोष्ट आहे का बघू."

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बगदादच्या काळात ग्रीक वैद्यक, गणित, खगोल, तर्क हे सारे अरबीत आले. काव्य आणि नाटक मात्र जवळजवळ आलेच नाही. पुढे अरस्तूचा काव्यशास्त्रावरचा ग्रंथ भाषांतराला घेतला तेव्हा पंचाईत झाली. रंगभूमीच पाहिलेली नव्हती, म्हणून शोकांतिकेसाठी स्तुतिकाव्याचा आणि सुखांतिकेसाठी निंदाकाव्याचा शब्द योजला गेला. इब्ने रुश्दसारख्या थोर विद्वानालाही त्याच वाटेने अर्थ लावावा लागला. दुसऱ्यांच्या कथाच माहीत नसतील तर त्यांचे विचारही नीट कळत नाहीत, याचा याहून चांगला दाखला आम्हाला सापडला नाही.

खापरीवरचे मत

ग्रीकांचे नाव निघाले की लोकशाहीचे नाव निघतेच. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास अथेन्समध्ये क्लायस्थेनिसने राज्यकारभाराची घडी बदलली. नागरिक टेकडीवर जमत आणि हात उंचावून निर्णय घेत. रोजचा कारभार पाहायला ५०० जणांचे मंडळ असे आणि त्याची निवड चिठ्ठ्या टाकून होई. एखादा पुढारी फार प्रबळ होतोय असे वाटले तर लोक फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचे नाव कोरत. किमान ६,००० खापऱ्या जमल्या तर ज्याचे नाव सर्वांत जास्त, त्याला दहा वर्षे शहराबाहेर जावे लागे.

आमच्या परसात फुटकी कुंडी होतीच. मुलांना खापऱ्या आणि खडू दिला आणि विचारले, "या घरातून आठ दिवसांसाठी काय हद्दपार करायचं?" मतमोजणी झाली तेव्हा पाचपैकी तीन खापऱ्यांवर एकच नाव होते : अब्बूंचा मोबाइल. संध्याकाळी सात ते नऊ तो कपाटात राहिला. लोकशाही किती महाग पडते ते त्या आठवड्यात कळले.

पण मुलीचा पुढचा प्रश्न खेळातला नव्हता. "अम्मी, त्या टेकडीवर बायका होत्या?"

नव्हत्या. मत फक्त प्रौढ नागरिक पुरुषांना होते. बायकांना नाही, बाहेरून येऊन अथेन्समध्ये राहिलेल्यांना नाही, गुलामांना तर नाहीच. लॉरियमच्या चांदीच्या खाणीत गुलाम राबत आणि त्या चांदीतून अथेन्सचे आरमार उभे राहिले. ज्या शहराने लोकशाही दिली, त्याच शहराने इ.स.पू. ३९९ मध्ये सुकरातला विषाचा पेला दिला, तोही रीतसर मतदान करून. त्याचा एक मोठा गुन्हा असा की तो लोकांना प्रश्न विचारी.

हे सांगावे की नाही, यावर आम्ही थोडे अडखळलो. मग सांगितले. कुठल्याही संस्कृतीची एकच बाजू दाखवली तर मुलांना एक तर तिची भक्ती लागते किंवा तिरस्कार वाटतो. दोन्हींत शिकणे राहून जाते. आणि जी मुले अथेन्सच्या गुलामांविषयी विचारतात, ती उद्या आपल्या इतिहासातल्या गुलामांविषयीही विचारतील. तेव्हाही असेच सरळ उत्तर द्यायची आपली तयारी हवी.

मधली हजार वर्षे

प्रकल्पासाठी मुलीने तक्ता काढायला घेतला. तिने वाचलेल्या एका पुस्तकात बाणांची साखळी होती : ग्रीस, मग रोम, मग थेट युरोपातले प्रबोधन. ती म्हणाली, "रोमनंतर हजार वर्षांनी युरोपला अचानक ग्रीक आठवले? मध्ये ही पुस्तकं होती कुठं?"

त्याच संध्याकाळी तिचा कॉलेजात जाणारा चुलतभाऊ आला होता. त्याचे उत्तर तयार होते. "कुठं म्हणजे? सगळं विज्ञान आपल्याच लोकांनी शोधलं. युरोपनं चोरलं."

एका पुस्तकाने आपल्याला वगळले होते आणि पोराने बाकीच्यांना. दोन्ही उत्तरांत अमानत गायब होती.

आम्ही सावकाश तक्ता भरायला घेतला. आठव्या ते दहाव्या शतकात अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ अरबीत आणण्याचे मोठे काम झाले. त्यातले सर्वांत मोठे नाव हुनैन इब्ने इसहाक, इ.स. ८०९ ते ८७३. ते ख्रिस्ती होते. जालिनूस, म्हणजे गेलन, या यूनानी वैद्याच्या एका ग्रंथासाठी त्यांनी इराक, शाम, फलस्तीन आणि मिसर पालथे घातले, पार अलेक्झांड्रियापर्यंत गेले. ग्रंथ मिळाला तो निम्माच, दमास्कसमध्ये. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तप्रती जमवून त्या ताडून पाहायच्या, मगच भाषांतर करायचे, ही त्यांची पद्धत. गणिताचे ग्रंथ तपासणारे साबित इब्ने कुर्रा हर्रानच्या साबी पंथाचे. अल-किंदी मुसलमान. सत्य परक्या लोकांकडून आले तरी ते घ्यायला लाजू नये, असे अल-किंदींचे म्हणणे होते. एकाच कामावर इतक्या धर्मांची माणसे बसली होती, हे तक्त्यात ठळक अक्षरांत लिहायला आम्ही मुलीला सांगितले.

या कामाचा उपयोग किती झाला? एकच उदाहरण पुरे. शंकूच्या छेदांवर अपोलोनियसने आठ खंड लिहिले. पहिले चार मूळ ग्रीकमध्ये टिकले. पाचवा, सहावा आणि सातवा आज जगाकडे आहेत ते केवळ अरबीत. आठवा हरवला.

पण हे लोक नुसते राखणदार नव्हते. राझींनी जालिनूसवरच्या शंकांचा ग्रंथ लिहिला, इब्ने हैसम यांनी बतलीमूस म्हणजे टॉलेमीवरच्या शंकांचा. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. इब्ने हैसम यांनी दाखवले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. तेराव्या शतकात इब्ने नफीस यांनी सांगितले की हृदयाच्या मधल्या पडद्याला जालिनूस म्हणतो तशी छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून येते. गुरूंचा पूर्ण आदर ठेवून गुरूंची चूक दाखवणे, हे अदब आणि इल्म दोन्हींचे काम आहे. जुना ग्रंथ आहे म्हणून सारे खरे, असे त्यांनी मानले नाही, आपणही मानू नये. यूनानी तिब्बच्या चार खिल्तांबद्दल मुलीने विचारले तेव्हा आम्ही सांगितले की आजचे वैद्यक तो सिद्धांत मानत नाही. तरी रोगाचे कारण शरीरात आणि राहणीत शोधावे, ही बुकरातच्या परंपरेची दिशा मोलाची होती.

आणि चुलतभावासाठी हेही : बाराव्या शतकात जेरार्ड नावाचा इटालियन विद्वान टॉलेमीचा ग्रंथ शोधत स्पेनमधल्या तोलेदोला आला, अरबी शिकला आणि त्याने सत्तरहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये नेले. ही चोरी नव्हे, मेहनत होती. शिवाय कॉन्स्टँटिनोपलमध्येही मूळ ग्रीक हस्तलिखिते जपलेली होती आणि तीही पुढे इटलीत पोचली. साखळी एकाच हाताची नव्हती. तिची एक कडी आपल्या देशातही आहे. नसीरुद्दीन तूसींनी अरबीत सिद्ध केलेला युक्लिड अठराव्या शतकात सवाई जयसिंहांच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राट या पंडितांनी संस्कृतात आणला आणि त्याला नाव दिले 'रेखागणित'. ग्रीक, अरबी, संस्कृत. हा बाण काढताना मुलीचा कागद अपुरा पडला.

काठीची सावली

वाचून झालेले विसरते, हाताने केलेले राहते. म्हणून एक प्रयोग केला.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. मिसरच्या दक्षिणेला सायनी गावी वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पडत नाही, हे त्याला माहीत होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती. तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरला. म्हणजे दोन गावांतले अंतर पन्नासपट केले की पृथ्वीचा घेर मिळाला.

आपण महाराष्ट्रातले लोक या बाबतीत भाग्यवान. आपल्या प्रत्येक गावात मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सावली नाहीशी होते. आमच्या कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. मुलांचे मामू धुळ्याला असतात आणि धुळे जवळजवळ सरळ आमच्या उत्तरेला आहे. ठरल्या दिवशी साडेबाराच्या सुमारास दोन्ही घरांच्या गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. आमच्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरून गेली. मामूंनी फोनवर सांगितले, "सव्वासात सेंटिमीटर!"

कागदावर त्रिकोण काढून कोनमापक लावला. चार अंशांच्या थोडा पुढे. मुलीने चारच धरले. ३६० भागिले ४, म्हणजे ९०. नकाशावर पट्टीने मोजलेले अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. गुणाकार आला ४१,८५०. पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. दोन काठ्या, एक फोन आणि एवढीच चूक!

दादी सावलीला छत्री धरून हे सारे पाहत होत्या. म्हणाल्या, "ही तर जवालची वेळ. माझे अब्बा घड्याळ नव्हतं तेव्हा काठीच्या सावलीवरूनच जोहर आणि असर बघायचे. आज सावलीच नाही म्हटल्यावर असरचा हिशेब सोपा." आणि त्यांनी नातवंडांना असरची सावली कशी मोजतात ते समजावले. आमच्या पुस्तकात नसलेला धडा तो.

तेव्हा आम्ही मुलांना पुढची कडी सांगितली. खलिफा मामून यांनी सिंजारच्या सपाट मैदानात खगोलज्ञ पाठवून एका अंशाचे अंतर पुन्हा मोजून घेतले. पुढे अल-बिरूनींनी पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली दिसते ते मोजून तोच घेर वेगळ्या रीतीने काढला. जुन्या उत्तरावर समाधान न मानता त्यांनी स्वतः मोजले. आमच्या मुलांनी गच्चीवर केले तेच.

कोणत्या वयाला काय?

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना इसापाच्या गोष्टी, शब्दांचा खेळ आणि अक्षरांची ओळख पुरे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना सावलीचा प्रयोग, खापरीचे मतदान, ऑलिंपिक आणि मॅरेथॉन आवडते. मॅरेथॉन सांगताना हेही सांगावे की विजयाची बातमी देऊन धावपटू कोसळला ही कथा नंतरची आहे. जुन्या इतिहासकार हेरोडोटसने लिहिलेला धावपटू मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला होता. गोष्ट आणि इतिहास यांतला फरक मुलांना इथे सहज कळतो. तेरा वर्षांपुढच्या मुलांबरोबर सुकरातचा खटला, गुलामी, बायकांचे स्थान आणि बगदादचे भाषांतर या विषयांवर बसून बोलावे. आपल्याला उत्तर येत नसेल तर 'बघून सांगतो' म्हणावे आणि खरोखर बघून सांगावे.

शाळा उघडली तेव्हा मुलीने तक्ता नेला. सुरुवातीला फिनिशियन अक्षरे, मग अथेन्स, अलेक्झांड्रिया, बगदाद, तोलेदो, जयपूर. शेवटच्या चौकटीत तिने आमच्या गच्चीचे चित्र काढले होते : एक काठी, धाकटा भाऊ आणि छत्री धरलेल्या दादी.

बाईंनी विचारले, "या आजी इथे कशा?"

"त्यांना सावली मोजता येते," मुलगी म्हणाली.

वाचकहो, आपल्या मुलांना शाळेत ग्रीस शिकवले जाईलच. त्यातल्या तारखा ती परीक्षेपुरत्या पाठ करतील. पण हा ठेवा कुणाकुणाच्या हातांतून आला, कुणी त्यात काय घातले आणि आता तो आपल्या हातात असताना आपले काम काय, हे त्यांच्याबरोबर बसून सांगणे आपल्याकडे आहे. त्यासाठी मोठी ग्रंथसंपदा लागत नाही. घरातले चार शब्द, एक काठी आणि पोरांच्या प्रश्नाला न रागावता दिलेला वेळ, इतके पुरते.